लेक म्हणून नाव लावलं

श्रीरामपूरच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली दस्तलेखकांची टेबलं ओळीनं लागलेली असतात. खरेदीखत, मृत्युपत्र, दत्तकपत्र, प्रतिज्ञापत्र, जे हवं ते तिथे लिहून मिळतं. मी पहिल्यांदा तिथे गेले ती एक वही घेऊन. वहीत एकच प्रश्न लिहिला होता : इसार आणि बयाणा यांत फरक काय?

टेबलं सहा-सात होती. मी त्यातल्या त्यात वयस्कर माणूस निवडला. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी, समोर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर धूळ बसू नये म्हणून घडी घातलेला टॉवेल.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "गट नंबर सांगा."

"गट नंबर नाहीये."

"मग सिटी सर्व्हे?"

"मला जमीन घ्यायची नाहीये. एक शब्द विचारायचाय."

त्यांनी चष्मा काढला आणि शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, मी ऐकलं तेच तुम्हीही ऐकलंत ना, अशा अर्थानं. मग मी सगळं सांगितलं.

बावीस वर्षं हायस्कूलात मराठी शिकवून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी ग्रीक शिकले. आधी पोस्टानं येणाऱ्या धड्यांवर, मग पुण्याला जाऊन-येऊन. त्याच सुमाराला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निवृत्त पाळकसाहेबांच्या मनात आलं, की शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, ग्रीक पत्रं आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातल्या माणसाला नुसती कानानं ऐकून कळतील अशा मराठीत आणावीत आणि मोबाईलवर ऐकायला द्यावीत. जुनं भाषांतर आम्हाला प्रिय. पण ते ऐकताना माणसं मान खाली घालून बसतात, आणि नंतर विचारलं तर म्हणतात, "लई चांगलं हुतं." काय चांगलं होतं, ते कुणाला सांगता येत नाही.

या पत्रांची एक अडचण होती. त्यातली बहुतेक लिहिणारा प्रेषित रोमन राज्यात वाढलेला. बोलता बोलता तो एकदम कोर्टात शिरतो. देवाबद्दल काही सांगायचं झालं की त्याला वारस आठवतात, साक्षीदार आठवतात, शिक्कामोर्तब, निकाल, दत्तकविधान, इसार. ग्रीक शब्दांचे अर्थ कोशात सापडायचे. पण कोर्टकचेरीतली मराठी मला येत नव्हती. जन्मात मी कचेरीत एकदाच गेले होते, तेही रेशनकार्डावरचं आडनाव दुरुस्त करायला.

"असं होय!" दस्तलेखक म्हणाले. त्यांना सगळे चाचा म्हणतात असं मला शेजारच्या टेबलावरच्या हाकांवरून कळलं होतं. "आता लोक दोन्ही एकच समजतात, आगाऊ दिलेली रक्कम. पण माझे उस्ताद फरक करायचे. बयाणा म्हणजे बोलणं पक्कं झाल्याची खूण. इसार म्हणजे त्या व्यवहाराचाच पहिला तुकडा. इसार आला की मागून उरलेलं यायलाच पाहिजे."

हे मला हवं होतं तेच. प्रेषित म्हणतो की देवानं आपला आत्मा माणसांना दिला आहे तो तसाच, पुढं येणाऱ्या सगळ्याचा पहिला तुकडा म्हणून.

"तुमच्या ग्रीकमध्ये काय शब्द आहे?" चाचांनी विचारलं.

"अर्राबोन."

"काय?"

"अर्राबोन."

ते हसायला लागले. मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी दुबईला फोन लावला, स्पीकर चालू करून. पलीकडे त्यांचा भाचा होता. "अरे, तिकडे घर-बिर घेताना आधी जे देतात, त्याला अरबी लोक काय म्हणतात?"

"अरबून, मामू. का बरं?"

"काही नाही. एक मॅडम आल्यात, तुझा शब्द घेऊन."

कोशात मी वाचलं होतं की हा शब्द ग्रीकमध्ये व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेकडून आला. ती ओळ वाचून पुढं गेले होते. पण तोच शब्द श्रीरामपूरच्या शेडखाली, दुबईहून, एका कंटाळलेल्या तरुणाच्या आवाजात ऐकला तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. बाजूला खरेदीखतावर सह्या करायला आलेलं कुटुंब माझ्याकडे बघत राहिलं. घरी जाऊन यजमानांना सगळं रंगवून सांगितलं. ते शुगर फॅक्टरीत प्रयोगशाळेत काम करतात, ऐकून घेतात. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "छान. आणि कोथिंबीर?"

पुढच्या आठवड्यात चाचा आमच्या बैठकीला आले. मीच बोलावलं होतं, पाळकसाहेबांना विचारून. पाळकसाहेब ऐंशीच्या घरातले, धोतर आणि कोट वापरणारे बहुधा जिल्ह्यातले शेवटचे. चाचा मुसलमान आहेत याचं त्यांना काही वाटलं नाही. चाचांना जुने शब्द आवडत नाहीत याचं वाटलं. पहिल्याच दिवशी दोघांची 'नीतिमान ठरवणे' या शब्दांवरून जुंपली.

"कोर्टात असं कुणी बोलत नाही," चाचा म्हणाले. "जज म्हणतो, निर्दोष मुक्तता. आमच्या वडिलांच्या वेळेला 'बाइज्जत बरी' म्हणायचे."

"पण निर्दोष म्हणजे दोष नव्हताच," पाळकसाहेब म्हणाले. "इथं दोष आहे. सिद्ध झालेला आहे. आणि तरी न्यायाधीश म्हणतो, जा, तू माझ्या लेखी सरळ माणूस."

"सिद्ध झाल्यावर?"

"सिद्ध झाल्यावर."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "असा निकाल मी चाळीस वर्षांत पाहिला नाही," ते म्हणाले.

"तेच तर सांगायचंय," पाळकसाहेब म्हणाले. दोघंही खूश झाले. शब्द मात्र त्या दिवशी ठरला नाही.

असे चार महिने गेले. दर बुधवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. चाचा डबीतून बडीशेप काढायचे, पाळकसाहेब जुनं भाषांतर उघडायचे, मी ग्रीक वाचायचे. मग कच्चा खर्डा तयार झाला आणि तो माणसांना ऐकवून पाहायची वेळ आली. पहिलं गाव ठरलं कर्जतपलीकडचं, कारण तिथल्या प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका माझी जुनी विद्यार्थिनी होती आणि तिनं आपल्या घराच्या ओसरीत माणसं जमवायचं कबूल केलं होतं.

सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं. कंडक्टर मात्र 'नगर, नगर' असंच ओरडत होता. तिथून गाडी बदलून कर्जत, आणि पुढं शिक्षिकेच्या नवऱ्याच्या जीपमधून गाव. ज्वारी काढून झाली होती, माणसं मोकळी होती. ओसरीत वीसेक जण बसले होते. निम्मे मंडळीतले, निम्मे शेजारपाजारचे, कुतूहल म्हणून आलेले. बायका भिंतीकडून, पुरुष अंगणाकडून. एक तिशीचा उंच माणूस खांबाला टेकून उभा होता. तो टेम्पो चालवायचा. आपल्या आईला आणून सोडलं होतं आणि ती मैत्रिणींशी बोलत बसल्यामुळे थांबला होता.

आमची पद्धत सोपी होती. मी एक तुकडा वाचायचा आणि मग विचारायचं, काय ऐकलंत ते तुमच्या शब्दांत सांगा. इसाराचा तुकडा झकास गेला. एका शेतकऱ्यानं तर मला साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक समजावून सांगितला आणि चाचांनी मान डोलावली. मग मी दत्तकाचा तुकडा वाचला. खर्ड्यात आम्ही साधं ठेवलं होतं : देवानं आपल्याला दत्तक घेतलं आणि वारस केलं.

पटकेवाले एक आजोबा म्हणाले, "म्हंजी देवाला मूलबाळ नव्हतं का?"

सगळे हसले. पाळकसाहेबांना ठसका लागला. आजोबा मात्र गंभीर होते. "न्हाई, इचारतो. ज्याला हाय, तो कशापायी दत्तक घील?"

प्रश्न बिनतोड होता. ग्रीक कोशात त्याचं उत्तर नव्हतं. मी वहीत लिहून घेत होते तेवढ्यात भिंतीकडून एक बाई म्हणाल्या, "आन् घेतलं तरी काय? दत्तक त्ये दत्तकच. सख्ख्याची सर येती व्हय?"

खांबाला टेकलेला माणूस सरळ झाला, चपला पायात सरकवल्या आणि अंगणातून बाहेर गेला.

बोलणाऱ्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. शिक्षिका माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, त्याला दत्तक घेतलंय. दिराचा मुलगा. ती त्याची आई, कोपऱ्यात बसलेली." कोपऱ्यातल्या बाई साठीच्या आसपासच्या असाव्यात. पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या जमिनीकडे बघत होत्या.

मला वही मिटून टाकावीशी वाटली. एवढ्या लांबून येऊन आपण एका माणसाचं दुखणं चारचौघांत उघडं केलं, तेही देवाच्या नावानं. पाळकसाहेब माझ्याकडे वाकून कुजबुजले, "शब्दच काढून टाकू. नुसतं 'आपलं मानलं' म्हणू." मी मानेनंच हो म्हटलं. तोवर चाचा उठून अंगणात गेले होते.

ओसरीतून आम्हाला दोघं दिसत होते, टेम्पोपाशी उभे. ऐकू काही येत नव्हतं. काय बोलणं झालं ते चाचांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितलं. त्यांनी समजूत वगैरे घातलीच नव्हती. त्यांनी विचारलं होतं, "कागद केलाय का?"

"केलाय."

"रजिस्टर?"

"व्हय."

"वाचलायस?"

"न्हाई. वडील गेले तवा नोंदीसाठी झेरॉक्स दिल्ती. तलाठ्यानं वाचला आसंल."

"मग आपण वाचू."

तो हो म्हणाला. का म्हणाला, त्यालाच ठाऊक. कागद आईच्या ट्रंकेत होता आणि किल्ली तिच्या कमरेला, म्हणून तीही टेम्पोत पुढं बसली. घर जवळच होतं. ते येईपर्यंत शिक्षिकेनं चहा केला. ओसरीत सगळे खाली मान घालून बशीतला चहा पीत राहिले. त्या बोलणाऱ्या बाईंनी चहा घेतलाच नाही.

टेम्पो परत आला. चाचांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद. त्यांनी तो उलगडला, उजेडाकडे धरून शिक्के तपासले, चष्मा पुसला आणि उभ्यानं वाचायला सुरुवात केली.

चार महिने मी त्यांना ओळखत होते, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. एरवी ते हळू बोलतात. दस्त वाचताना त्यांचा आवाज असा लागला की अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली. नावंगावं मी इथे देत नाही. बाकी मला आठवतं ते असं : सदर मुलगा लिहून देणार यांनी आज रोजी लिहून घेणार यांचे मांडीवर दिला असून त्यांनी तो राजीखुशीने घेतला आहे. आजपासून सदर मुलगा हा सर्व अर्थी लिहून घेणार यांचा मुलगा झाला आहे. तो आपल्या नावापुढे त्यांचे नाव लावील. त्यांच्या मिळकतीस तो वारस राहील. याबाबत आम्ही किंवा आमचे वारसांनी पुढे केव्हाही हरकत घेतल्यास ती या लेखाने रद्द समजावी.

"थांबा," टेम्पोवाला म्हणाला. "मधलं पुन्ना वाचा, चाचा. सर्व अर्थी."

चाचांनी पुन्हा वाचलं.

"सर्व अर्थी म्हंजी?"

"म्हणजे एकही अर्थ बाकी ठेवला नाही." चाचांनी कागद त्याच्यापुढं धरला आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. 'मुलासारखा' असं कुठं लिहिलंय? शोध. सापडायचं नाही. 'मुलगा झाला आहे' असं लिहिलंय. हा दस्त मी लिहिला असता तरी हेच लिहिलं असतं."

त्यानं खरंच शोधलं. सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत. आम्ही सगळे बघत होतो.

तेव्हा त्याची आई बोलली. "मला ठावं नव्हतं, आसं लिवलंय म्हून. मी अंगठा दिला. ह्यो चार वर्साचा हुता. त्या कचेरीत माझ्या मांडीवर झोपून गेल्ता. मला वाटलं, कागदात वावराचं लिवलं आसंल."

"वावराचं बी हाय," तो म्हणाला. "पन माझं आधी हाय." आणि तो हसला. ओसरीतला ताण त्या हसण्यानं एकदम गेला. मघाच्या बाई म्हणाल्या, "चुकलं रं माझं." तो म्हणाला, "आसू द्या काकू, तुमी एकट्याच म्हनता व्हय?" आणि मग त्यांनी चहा मागून घेतला.

आता माझ्या अंगात आलं. बावीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं, की ज्या काळात ही पत्रं लिहिली गेली त्या काळातलं दत्तकविधान हे असंच होतं. पुष्कळदा मोठी, जाणती माणसं दत्तक घेत. साक्षीदार लागत. एकदा विधी झाला की नव्या घराचा तो पुरता वारस, जुन्या घराचा त्याच्यावर हक्क राहत नसे. मूलबाळ असतानाही घेत, मोठमोठ्या घराण्यांत घेत, कारण त्यात कमीपणा नव्हता. ज्याला घेतलं त्याला मुद्दाम निवडलेलं असे.

पटकेवाले आजोबा म्हणाले, "आसं सांगा की मग. पयल्यांदा सांगायचं."

"पण मोबाईलवर ऐकणाऱ्याला मी कुठं सांगत बसू?" मी म्हटलं. "त्याच्या कानावर 'दत्तक' पडणार आणि तो तुमच्यासारखंच म्हणणार. म्हणून विचारते, हा शब्द ठेवू की काढू?"

कुणी म्हणालं काढा, कुणी म्हणालं ठेवा. टेम्पोवाला किल्ली हातात फिरवत होता. मग म्हणाला, "दत्तक ह्यो शब्द बाहेरच्यांचा हाय. घरात कोन म्हनत न्हाई. आमची आई कधी म्हनली न्हाई."

"मग काय म्हणते?"

"तिलाच इचारा."

आईनं पदर नीट केला. "म्या काय म्हननार? लेक म्हून नाव लावलं. बास."

चाचांनी आणि मी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. नाव लावणं. शाळेच्या पटावर नाव लावतात, सातबाऱ्याला नाव लावतात, बापाचं नाव लावतात. दत्तकासाठीच्या ज्या ग्रीक शब्दाशी मी दोन महिने झगडत होते तो दोन शब्दांचा जोड आहे, 'पुत्र' आणि 'ठेवणं, लावणं'. या बाईंनी तो जसाच्या तसा मराठीत आणून ठेवला होता, पदर सारखा करता करता. मी तो लिहून घेतला आणि नवा तुकडा तिथल्या तिथे वाचून दाखवला : देवानं लेक म्हणून आपल्याला त्याचं नाव लावलं आणि वारस केलं.

"हां," आजोबा म्हणाले.

तेवढ्यावर संपायचं नव्हतं. मागून एक तरुण बाई, कडेवर मुलगी घेतलेली, म्हणाली, "पन लेक म्हंजी पोरगाच का? का पोरगी बी?"

"लेक म्हंजी दोनी," दोघी-तिघी म्हणाल्या.

"मग इचारते. सातबाऱ्याला भैनीचं नाव बी लावत्यात की. आन् म्होरल्या म्हैन्यात हक्कसोडपत्रावर सही घेत्यात."

भिंतीकडच्या बाजूला हशा पिकला. अंगणाकडची बाजू आढ्याकडे बघू लागली. ग्रीक शब्दात 'पुत्र' आहे हे खरं, पण ती पत्रं बाया-पुरुषांना एकत्र वाचून दाखवायला लिहिलेली होती आणि त्यातलं वारसपण कुणाला कमी-जास्त वाटलेलं नाही, असं काहीतरी मी सांगू लागले. चाचांनी मला थांबवलं.

"बाई," ते त्या तरुणीला म्हणाले, "हक्कसोडपत्रं मी शेकड्यानं लिहिलीत. या पत्रात मी शोधलं. हक्कसोड नाही."

"नक्की न्हाई ना?"

"नाही. मॅडमना विचारा, त्यांना ग्रीक येतं."

"नाही," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या लेक," ती म्हणाली, जणू मंजुरीच दिली.

परत जाताना त्या टेम्पोवाल्यानं आम्हाला कर्जतच्या स्टँडवर सोडलं. पाळकसाहेब धोतर सावरत पुढं बसले, मी आणि चाचा मागं, रिकाम्या क्रेटवर. त्याच्या आईला कागद लॅमिनेशन करून भिंतीवर लावायचा होता. चाचांनी तिला बजावून ठेवलं होतं, "अजिबात करू नका, अस्सल दस्त खराब होतो. झेरॉक्स लावा." पुढं शिक्षिकेकडून कळलं की तिनं मोठी रंगीत झेरॉक्स काढून फ्रेम करून घेतली आणि ती दारासमोरच्या भिंतीवर आहे. लिहिता-वाचता येणारं कुणी आलं की ती त्याला मधली ओळ वाचायला लावते.

बसमध्ये चाचांनी मला टेम्पोपाशी झालेलं बोलणं सांगितलं. मिरजगावच्या पुढं म्हणाले, "मॅडम, हक्कसोडपत्र सही करणाऱ्याला वाचून दाखवायचं असतं. आम्ही दाखवतो. पण भरभर."

नीट ऐकू यावं म्हणून मी खिडकीची काच सरकवून बंद केली.

"सावकाश वाचलं पाहिजे," ते म्हणाले.

आणि ते खरंच सावकाश वाचू लागले. महिन्या-दीड महिन्यानं बुधवारच्या बैठकीला आले तेच हसत. त्या सकाळी एक बहीण भावांबरोबर सही करायला आली होती. चाचांनी तिला दस्त वाचून दाखवला, प्रत्येक ओळीला थांबून, अर्थ सांगून. अर्ध्यात ती म्हणाली, "भाऊ, आपण घरी जाऊन बोलू," आणि उठली. भाऊ चाचांवर चिडले, शेजारच्या टेबलावर जाऊन बसले. चाचांचं काम गेलं. बडीशेपेची डबी आमच्यापुढं करत ते म्हणाले, "काय चेहरा होता तिचा! घ्या, घ्या."

खर्डा आम्ही पुण्याला तपासनिसांकडे पाठवला. ते ग्रीकचे मोठे जाणकार, मीही त्यांच्याकडून शिकले आहे. त्यांचं उत्तर आलं. बाकी सगळं ठीक होतं, पण 'नाव लावलं' या शब्दांखाली दोन लाल रेघा होत्या आणि समासात लिहिलं होतं : बोली आहे, 'दत्तक' हाच शब्द ठेवावा, शंभर-दीडशे वर्षांची वहिवाट आहे.

मला वाटलं, पाळकसाहेब लगेच मान्य करतील. जुना शब्द राहावा म्हणून ते आमच्याशी दर बुधवारी भांडले होते. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि तपासनिसांना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्यात कोशाचा एकही दाखला नव्हता. कर्जतपलीकडच्या ओसरीत काय घडलं ते त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिलं होतं, चहा न घेतलेल्या बाईंसकट. शेवटी एवढंच : आपण इकडे यावे, आपणांस त्या घरी नेतो.

तपासनीस आले नाहीत. पण आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "ठेवा," ते म्हणाले. "तळटीपेत 'दत्तक' द्या, म्हणजे माझंही समाधान." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "वहिवाट असं मी लिहिलं होतं ना? तोसुद्धा कोर्टातलाच शब्द निघाला."

त्यानंतर आम्ही अकोले तालुक्यातल्या राजूरला गेलो. डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं तिथे बाजाराला येतात, म्हणून बाजाराचाच दिवस धरला. एका ओळखीच्या दुकानाच्या मागच्या पडवीत दहा-बारा जण बसले. नाव लावल्याचा तुकडा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. अडलं ते वेगळ्याच शब्दाशी. देवापुढं माणसाची बाजू घेऊन उभा राहतो त्याला आम्ही 'वकील' म्हटलं होतं. चाचांचा तसा आग्रह होता. पाळकसाहेबांना 'कैवारी' हवा होता.

'वकील' ऐकल्याबरोबर सगळे हसले.

"तिथं बी तारखा पडत्यात का?" एकानं विचारलं.

एक बाई हसत नाही असं पाहून मी तिला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"आमी तलाठ्याकडं का कुठं जायचं झालं तर एकटी न्हाई जात," ती म्हणाली. "बोलता येनारं कुनीतरी संगती नेतो. तो बोलतो, आमी मागं उभ्या ऱ्हातो."

"त्याला काय म्हणता?"

"त्याला काय म्हनायचं? संगती आल्याला."

मी वहीत लिहिलं. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ जवळपास तोच आहे : हाक मारून जवळ बोलावून घेतलेला. चाचा म्हणाले, "पण 'संगती आलेला' हा काही हुद्दा झाला नाही." पाळकसाहेब म्हणाले, "देवाला हुद्दा कशाला पाहिजे?" आणि मग स्वतःच म्हणाले की कैवारी तरी काय वाईट आहे. यावर आमचं अजून एकमत नाही. त्या दिवशी मात्र बाजार उठायच्या आत चाचांनी राजूरचे पेढे घेतले, आणि अकोल्यापर्यंतच्या वाटेवर तिघांनी मिळून वाद घालत ते निम्मे संपवले.